बालुटपर्यंत पुरेल एवढी बॅटरी

३ मार्च

आज दुपारी जनरल सांतोस बंदराचा धक्का सुटला. लिझेल पोचवायला आली होती. थोरली बहीण, त्यामुळं शेवटच्या क्षणापर्यंत तिचं चालूच होतं. टोपी घेतलीस का, मलम घेतलंस का, ओल्या अंथरुणावर झोपू नकोस. बोटीवर चढताना म्हणाली, रोज चार ओळी तरी लिहीत जा, म्हणजे परत आल्यावर तुझ्या तोंडून एकेक शब्द उपसत बसायला नको. तिचं खरं आहे, मी घुमाच. म्हणून ही रोजनिशी.

आमची बोट ‘डोन्या रुफिना’. निळी, जाळ्याची, मागच्या बाजूला जाळ्याचा हिरवा डोंगर रचलेला. मी तिच्यावरचा सरकारी निरीक्षक. मासे किती निघाले, कुठले, पिल्लं किती, जाळ्यात कासव सापडलं तर त्याचं काय केलं, हे बघायचं, लिहायचं, फोटो काढायचे आणि परत आल्यावर ऑफिसात द्यायचं. माझी ही पहिलीच खेप. आजवर चुलतभावाच्या टपरीत वाकून लॅपटॉप दुरुस्त करत होतो. आता निदान मान वर करून समुद्र तरी बघता येईल.

कप्तान इस्योंगनं माझी बॅग स्वतः उचलली. पन्नाशीचा, ठेंगणा माणूस. गळ्यात जपमाळ, आणि आवाज इतका मऊ की कान पुढं करून ऐकावं लागतं. त्यानं माझ्या मानाखातर ताज्या ट्यूनाचं किनिलाव करायला सांगितलं. कच्च्या माशाच्या फोडी, व्हिनेगर, आलं आणि तोंड पोळवणारी मिरची. आचारी मनोंग तिबुर्स्यो. सगळ्यांत वयानं मोठे म्हणून सगळेच त्यांना मनोंग म्हणतात. त्यांनी माझ्या ताटलीत दोनदा वाढलं. तासाभरात लाटा लागल्या आणि ते सगळं मी कठड्यावरून परत समुद्राला दिलं. जाळ्यावरचा एकजण म्हणाला, ‘सरकारनं पहिल्यांदाच घेतलेलं परत केलं.’ सगळे हसले, मीही हसलो.

तो क्रिसांतो. त्यानंच मला माझी खोली दाखवली. इंजिनाच्या डोक्यावर आहे, दोन फळ्यांची, एक खिडकी ताटलीएवढी. पण भिंतीत माझ्या उशाशी प्लगची जागा आहे. मला दुसरं काय हवं.

६ मार्च

पोट ठिकाणावर आलं. भात, सुकी मासळी, पाकिटातली कॉफी.

लॅपटॉपची बसवाबसवी झाली. हा जुना आहे, टपरीत एकानं सोडून दिलेला. बॅटरी थकलेली आहे, पण थकलेल्या बॅटरीला नीट वागवलं तर ती नव्यापेक्षा इमानी असते. जनित्राची वीज इथं वरखाली होते, म्हणून चार्जिंग ऐंशीला थांबेल असं लावून टाकलंय. शंभरपर्यंत फुगवायची नाही, विसाच्या खाली उपाशी ठेवायची नाही. पडद्याचा उजेड कमी, कळफलकाखालचे दिवे बंद, वायफाय-ब्लूटूथ बंद, आपोआप होणारे अपडेट बंद. मागं लपून चालणारे सगळे प्रोग्रॅम बंद केले. प्रोसेसरचा वेग अर्ध्यावर बांधला, कारण मला इथं आकडे आणि शब्द लिहायचेत, आणि ही रोजनिशी तर साध्या मजकुराच्या खिडकीत लिहितो, तिला काही खायला लागत नाही. काम झालं की नुसतं झाकण मिटून ठेवायचं नाही, झोपलेला लॅपटॉपही बॅटरी चघळत राहतो. सगळं जतन करून पूर्ण निजवायचा, म्हणजे तो थेंबभरही वीज खात नाही.

सगळ्यांत मोठा वैरी उष्णता. खोलीची फळी खालच्या इंजिनानं तापते. म्हणून मी लॅपटॉप गादीवर ठेवत नाही, खिडकीखाली दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवतो आणि त्याच्या पोटाखालची जाळी ब्रशनं झाडतो. क्रिसांतोनं हे पाहिलं आणि सगळ्या बोटीला सांगितलं, की निरीक्षकसाहेबाची बाळंतीण वर झोपलीये, आवाज करू नका. इंजिनवाला रोहेल्यो रोज विचारतो, बाळ-बाळंतीण सुखरूप ना. काळ्या पट्टीचा तुकडा त्यानंच दिला, लॅपटॉपचा बारका दिवा झोपताना डोळ्यात जातो म्हणून मी तो झाकला.

आज क्रिसांतो लाजत लाजत आला. त्याचा फोन मागच्या खेपेला पाण्यात गेला. पण त्यातलं मेमरी कार्ड वाचलं, ते तो गळ्यातल्या पाकिटात ठेवतो. त्यात त्याच्या मुलीच्या बारशाचा व्हिडिओ आहे, चर्चमधला. हनी मे तिचं नाव. मी लावून दिला. छोट्या चौकटीत, आवाज बंद ठेवून, म्हणजे बॅटरी कमी जाते. पाद्री पाणी ओततो, पोरगी तोंड वासून रडते, क्रिसांतो कोटात उभा. त्यानं दोनदा पाहिला आणि म्हणाला, उद्या परत येऊ का. मी म्हटलं रोज ये.

१० मार्च

पहाटे पहिलं जाळं ओढलं. रात्रभर बोटीचे दिवे पाण्यावर पेटलेले असतात, एवढे की आभाळ पांढरं होतं, आणि मासे त्या उजेडाला खालून वर येतात. जाळं आवळलं तेव्हा समुद्र उकळल्यासारखा झाला. मी मोजत होतो. एक मार्लिन मासा सापडला, भाल्यासारख्या चोचीचा, माणसाहून लांब. रोहेल्योनं त्याच्या डोक्यात हातोडा घातला, एकदा, दोनदा, तो मेल्यावरही कितीतरी वेळ. बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी फोटो काढला आणि नोंद केली. मासेमारी अशीच असते, असं मनाशी म्हटलं.

दुपारी दुसरी गोष्ट झाली, ती कुठल्या रकान्यात लिहू कळलं नाही. दोमिंग नावाचा एकजण पहाऱ्यावर झोपला होता. कप्ताननं त्याला बोलावलं, शेजारी बसवलं, घरच्यांची विचारपूस केली. मग त्याचा हात दोराच्या चक्रावर ठेवायला सांगितला आणि चक्र फिरवलं. चार बोटं. दोमिंग ओरडला तेव्हा कप्ताननं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर धरलं आणि लहान मुलाला थोपटावं तसं थोपटलं. मग मला म्हणाला, ‘डोंग, झोपलेल्या माणसामुळं सगळी बोट बुडते. दोन अश्रू बरे, की वीस प्रेतं?’

इथं धाकट्याला प्रेमानं डोंग म्हणतात. मी मान हलवली. मान हलवल्याचं मला अजून बरं वाटत नाही.

मनोंगनी दोमिंगचा हात बांधला. मी विचारलं की कप्तान नेहमी असाच का. मनोंग म्हणाले, भात गार होतोय, जेवून घ्या.

१३ मार्च

नीट लिहायला हवं. 

आमचे पायाव इथं आहेत, म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेले तराफे, ज्यांच्या सावलीला मासे जमतात. त्यासाठी कंपनीनं खर्च केलेला असतो, दुसऱ्यानं तिथं गळ टाकला की भांडणं होतात, हे मी ऐकून होतो. आज सकाळी उन्हं वर आल्यावर आम्ही पायावाकडं आलो, तर त्याला एक होडी बांधलेली. दोन्ही बाजूंना बांबूचे पंख असलेली छोटी होडी, आत तिघं, हातात गळाच्या दोऱ्या. होडीवर पिवळ्या रंगात ‘ग्रासिया’ लिहिलेलं. लाल शर्टातल्यानं हात केला. त्यानं एक मासा उचलून दाखवला, तुम्हालाही देऊ असं म्हटल्यासारखा.

मी कॅमेरा चालू केला होता, पायावाच्या नोंदीसाठी. आम्ही वेग कमी करू असं मला वाटलं. आम्ही वेग वाढवला.

बांबूचे पंख मोडल्याचा आवाज फारसा झाला नाही. होडी आमच्या नाकाखाली गेली आणि दोन भाग होऊन मागं निघाली. तिघंही वर आले. एक म्हातारा होता, दात नसलेला. तो फळीला धरून खोकत होता. लाल शर्टवाला आमच्या कडेला पोहत आला आणि बोटीला लटकवलेला टायर धरून वर बघायला लागला. त्याला वाटलं चुकून धडक बसली. तो माफी मागत होता. खरंच, तो माफी मागत होता.

कप्तान चाक दुसऱ्याकडं देऊन खाली आला. त्यानं भिंतीवरचा आकडा काढला, मोठे मासे ओढायचा, लांब दांड्याचा, आणि क्रिसांतोच्या हातात दिला. क्रिसांतो मागं सरकला. कप्तान त्याच्या कानाशी बोलला, पण मी जवळ होतो, मला ऐकू आलं.

‘हे वर चढले तर घरी जाऊन सांगतील. मग आपण सगळे आत जाऊ. हनी मेला कोण सांभाळेल? मी विचारतोय, कोण?’

क्रिसांतोनं आकडा मारला. लाल शर्टवाल्याच्या मानेत. तो पटकन सुटला नाही. क्रिसांतो दांडा ओढत होता आणि रडत होता, आणि आकडा निघत नव्हता.

तिसरा पोरसवदा होता, हातावर क्रुसाचं गोंदण. तो मागच्या बाजूला पोहत गेला. कप्ताननं रोहेल्योला खूण केली आणि रोहेल्योनं बोटीचा पाण्याखालचा पंखा सुरू केला.

म्हातारा फळीवर तसाच होता. त्याला कुणी काही केलं नाही. आम्ही निघालो तेव्हा तो आमच्याकडं बघत होता. मग कप्ताननं टोपी काढून त्या तिघांसाठी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. मग त्यानं मनोंगना विचारलं, भात झाला का.

१३ मार्च, रात्री

कॅमेरा चालूच राहिला होता. माझ्या छातीवर लटकलेला. सगळं त्यात आलंय.

खोलीत येऊन तो व्हिडिओ लॅपटॉपमध्ये उतरवला, कॅमेऱ्यातला पुसला. संपतो न संपतो तोच जिन्यावर पाय वाजले. झाकण मिटायला वेळ नव्हता. मी आवाज बंद केला आणि पडद्याचा उजेड शून्यावर आणला. या जुन्या पडद्याला शून्यावर काहीच दिसत नाही, मिट्ट काळा.

कप्तान माझ्याजवळ गादीवर बसला. विचारलं, डोंग, काय लिहिणार. मी म्हटलं, मला काही दिसलं नाही, ऊन डोळ्यात होतं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला की कॅमेरा, फोन आणि कागद त्याच्या केबिनमध्ये कोरडे राहतील. मी दिले. त्यानं लॅपटॉपकडं पाहिलं, तीन-चार कळा दाबल्या. काळा पडदा. दिव्यावर रोहेल्योचीच पट्टी. मी म्हटलं, इंजिनाच्या उष्णतेनं मेला. त्यानं शहाळं वाजवून बघावं तसं टकटक केलं आणि हसून माझ्या मांडीवर ठेवला.

संध्याकाळी रोहेल्यो आला आणि उशाशी असलेल्या प्लगची तार कापून गेला. म्हणाला, कप्ताननं वीज वाचवायला सांगितलीये. बाहेर तेव्हा दिवे लागत होते. सगळा समुद्र पांढरा झाला होता.

१४ मार्च

विचार केला. परतताना बोट बालुट बेटाजवळून जाते. तिथं मोबाईलची रेंज मिळते, सगळे तिथं फोन काढतात. माझ्या लॅपटॉपच्या कडेला सिमकार्ड बसतं, एक मी आधीच घालून ठेवलंय. बालुटशी तो जिवंत असायला हवा, थोडाच वेळ, पण जिवंत. व्हिडिओचा मोठा तुकडा जायचा नाही म्हणून एकदाच बसून फक्त आकड्याचा आणि पंख्याचा भाग कापून वेगळा केला. त्यात बॅटरी बरीच गेली. आता अर्ध्याहून थोडी कमी आहे. यापुढं चार्जिंग नाही.

म्हणून नियम. दिवसातून एकदाच उघडायचा, पांघरुणाखाली, उजेड एका पायरीवर. चार ओळी, आणि लगेच पूर्ण निजवायचा. खिडकीच्या बाजूला, ओल्या फडक्यावर नाही पण गार पत्र्याला टेकवून ठेवायचा.

लिहायची गरज नाही, हे मला कळतं. पण लिहिलं नाही तर मला वाटायला लागेल की ऊन खरंच डोळ्यात होतं.

१५ मार्च

क्रिसांतो आला. कार्ड हातात. त्याचा चेहरा बघवत नाही, ओठ फुटलेत, तो सारखा खाऱ्या पाण्यानं हात धुतो. म्हणाला, एकदाच दाखव. मी म्हटलं, लॅपटॉप मेलाय, तू ऐकलंस ना.

त्यानं बंद झाकणावर हात ठेवला. मग म्हणाला, ‘परवापर्यंत तर चालत होता, विल्मार. माझ्यामुळंच बंद पडला का?’

मी म्हटलं, हो, उष्णतेनं, कुणाच्याच हातात नसतं.

१७ मार्च

पोट भरलं, म्हणजे बोटीचं. उद्या परत निघायचं. क्रिसांतो जेवत नाही. हातांची सालं गेलीत. आज त्यानं कप्तानसमोर विचारलं की त्या म्हाताऱ्याचं काय झालं असेल. कप्ताननं त्याच्याकडं पाहिलं. कसं, ते मी लिहू शकत नाही. दोमिंगचा हात चक्रावर ठेवण्याआधी पाहिलं होतं तसं.

१८ मार्च

क्रिसांतो वायरलेसवर गेला. भरदुपारी. चाकाच्या खोलीत घुसला, दार आतून लावलं आणि बोलायला लागला — ग्रासिया, तिघंजण, आम्ही मारलं, मी मारलं. खाली सगळ्यांना ऐकू येत होतं. पलीकडं कुणी ऐकलं की नाही माहीत नाही. नुसती खरखर.

रोहेल्योनं दार तोडलं. मोठा पाना होता त्याच्या हातात. आधी गुडघे. मग तोंड. कप्तान बाजूला उभा राहून सांगत होता, पुरे, पुरे, जीव घेऊ नका — आणि रोहेल्यो थांबला की मान हलवत होता, अजून.

त्याला बर्फाच्या कोठारात टाकलं. माशांवर. मला हलता आलं नाही.

१९ मार्च

मनोंगनी कप्तानचे पाय धरले. बर्फात मेला तर मासे बाटतील असं काहीतरी सांगितलं. म्हणून क्रिसांतोला वर काढून माझ्या समोरच्या फळीवर ठेवलं. चेहरा उरलेला नाही. डोळे सुजून बंद, एक तर — एक नाहीच. श्वास घेताना छातीत काहीतरी घासतं.

दुपारी त्यानं माझं नाव घेतलं. कार्ड अजून गळ्यात आहे, म्हणाला. आणखी काही म्हणाला नाही.

बॅटरी तिसऱ्या हिश्श्याहून कमी. बालुटला तेवढी लागेल. आणि आवाज — त्याला दिसत नाही. त्याला दाखवायचं तर आवाज लावावा लागेल. बाहेर रोहेल्यो जाळं शिवतोय.

परवा सकाळपर्यंत थांब, असं मी त्याला मनात म्हणतोय. बालुट होऊ दे. मग रोज दाखवतो.

१९ मार्च, थोड्या वेळानं

तो थांबणार नाही. श्वास मोजता येतात.

लावतो.

२० मार्च

लावला होता. त्याच्या कानाशी धरला. पहिल्यांदाच तो आवाज मीही ऐकला — पाद्री काहीतरी पुटपुटतो, बायका हसतात, आणि मग ती पोरगी रडते, सगळं चर्च भरून. क्रिसांतोनं बोटं हलवली. म्हणाला, ‘घसा बघ कसा, आईवर गेलीये.’ परत लाव म्हणाला. मी परत लावला.

दुसऱ्यांदा ती रडत असतानाच तो गेला. मी बंद केला नाही लगेच. का केला नाही —

दार उघडलं. रोहेल्यो. बोटीवर लहान मूल रडतंय असं त्याला वाटलं.

क्रिसांतोला तिथूनच नेलं. पाण्यात. प्रार्थना झाली.

मला मारलं, पण चेहऱ्यावर नाही. बरगड्यांवर, पोटावर, तळव्यांवर. कप्तान म्हणत होता चेहऱ्याला लावू नका. का, ते कळलं नाही. सिमकार्ड पकडीनं उपटून काढलं, ती कडाच फुटली. व्हिडिओ त्यानं मला स्वतःलाच पुसायला लावला. दोन्ही. बारशाचाही.

लॅपटॉप मात्र माझ्याकडंच ठेवला. फोडला नाही. का ठेवला —

उरलेल्यात एवढंच लिहून होतंय. उजव्या हाताची दोन बोटं चालतात —

२१ मार्च

बालुट दिसतंय. खिडकीत. हिरवं.

कप्तान माझ्या मागं बसलाय. सकाळी रोहेल्यो आला आणि तार जोडून गेला. वीज दिली. चार्ज होतोय, चिन्हात वीज चमकतेय.

कप्तान म्हणाला, तू रोज लिहीत होतास, हुशार पोरगा. मग आजचंही लिही. तुझ्याच रोजनिशीत, तुझ्याच हातानं. मी सांगतो तसं. त्यानं मागची पानं वर-खाली करून पाहिली, आणि विचारलं ही कुठली भाषा. मी म्हटलं ब्लाआन, माझ्या आईची, आमच्या डोंगरातली. त्याला ती येत नाही, आणि नावं ओळखू येऊ नयेत म्हणून मी अक्षर अगदी बारीक ठेवलंय. मागं काय लिहिलंय विचारलं. म्हटलं, घरची आठवण, उलट्या, जेवण. तो म्हणाला, चांगलं. आईला वाचता येईल. लिहीत जा आणि लिहिलेलं मला आपल्या बोटीवरच्या बोलीत मोठ्यानं वाचून दाखवत जा.

तो सांगतोय, की मी फार उदास आहे, समुद्र मला सोसत नाही. मी तेच मोठ्यानं म्हणतोय.

लिहितोय हे — मी उदास नाही. मला जगायचंय. मी विल्मार ताबानाओ, ‘डोन्या रुफिना’वरचा निरीक्षक. १३ तारखेला कप्तान इस्योंगनं ‘ग्रासिया’ होडीवर बोट घातली. तीन माणसं. लाल शर्टवाला, दात नसलेला म्हातारा, हातावर क्रुसाचं गोंदण असलेला. नावं मला माहीत नाहीत. क्रिसांतो दुमागित याला रोहेल्योनं पान्यानं मारलं, तो १९ तारखेला माझ्या समोर गेला. त्याला हनी मे नावाची मुलगी आहे.

तो सांगतोय, कुणाचा दोष नाही. मी मोठ्यानं म्हणतोय, कुणाचा दोष नाही.

लिझेल, यांचा दोष आहे. सगळ्यांचा. मीही आमेन म्हटलं होतं.

तो सांगतोय, कप्ताननं मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. मी म्हणतोय. आवाज फुटतोय माझा, त्याला ते आवडलं, खांदा थोपटतोय.

लिझेल, दोमिंगला शोध, चार बोटं नसलेला, तो बोलेल —

कप्तान म्हणाला, मी दोन ओळी सांगितल्या, तू एवढं काय लिहितोस. म्हटलं, आमच्या भाषेत शब्द लांब असतात. तो हसला. मग दाराकडं वळून त्यानं मनोंगना हाक मारलीये. मनोंगची बायको ग्लान गावची, ब्लाआन, म्हणतोय. मला माहीत नव्हतं.

मनोंग आलेत. हात भाताच्या पाण्यानं ओले. माझ्या खांद्यावरून वाकलेत, कप्तान म्हणतोय पहिल्यापासून वाच. ते पहिल्यापासून वाचत नाहीत. इथंच बघतायत, या ओळीवर. ओठ हलतायत त्यांचे.

मनोंग, तुम्हाला हे वाचता येत असेल तर माझ्याकडं बघू नका, फक्त कप्तानला सांगा की